लहान मुलांना दाताची भूल देताना अंगठा सांभाळा

बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, करताना आपला हात बसतो तो मोठ्या माणसांवर. दवाखाना टाकला की मात्र, तो राजारामपुरीत असो, गांधीनगरात असो की गडहिंग्लजला, मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत खुर्चीत येऊन बसतात ती पाच-सहा वर्षांची पोरं. दाढ किडलेली, रात्रभर घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही, आणि दारातूनच प्रश्न: "मम्मी, सुई मारणार न्हाईत न्हवं?" अशा पहिल्या काही मुलांना भूल देणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी हा लेख आहे. पालकांनी वाचला तरी हरकत नाही. मधला एक भाग तर त्यांनी वाचावाच.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सुई टोचल्याचं दुखणं क्षणभराचं असतं आणि आधी हिरडी बधिर करणारं मलम नीट लावलं तर तेही बरंचसं कमी होतं. मूल खरं कळवळतं ते औषध जोरात आत ढकलल्यामुळे. घट्ट ऊतींमध्ये पातळ औषध घुसतं, त्या ताणल्या जातात, आणि तो ताण दुखतो. म्हणजे दुखण्याचा मोठा वाटा सिरिंजच्या दट्ट्यावर ठेवलेल्या तुमच्या अंगठ्यात आहे. बाकी सगळ्या युक्त्या त्यानंतर.

इंजेक्शन लागतंच का, हे आधी ठरवा

प्रत्येक किडलेल्या दाढेला सुई लागत नाही. कीड वरवरची असेल, दाढ ठणकत नसेल, तर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावून ती थांबवता येते. किडलेला भाग काळा पडतो, हे पालकांना आधी सांगून त्यांची संमती घ्या. नंतर "पोराचे दात काळे केले" म्हणून भांडण नको. दुधाच्या दाढेत कीड असूनही नस शाबूत असेल तर हॉल पद्धतीने, न कोरता आणि न बधिर करता, स्टीलची टोपी बसवता येते. दोन दाढांमध्ये जागा नसेल तर काही दिवस आधी रबराच्या रिंगा घालून ती करावी लागते, इतकंच. मुळं झिजून लोंबणारा दुधाचा दात बहुतेक वेळा नुसत्या मलमावर निघतो.

हिरडीवर पुवाचा फोड असेल तर तिथे सुई घालू नका. संसर्ग झालेल्या भागात आम्लता वाढलेली असते, त्यामुळे औषध नीट चढत नाही आणि टोचलेलं दुखतं मात्र दुप्पट. लांबून ब्लॉक, म्हणजे नसेच्या वाटेवर आधीच औषध देऊन पुढचा सगळा भाग बधिर करणं, देता येतो का ते बघा. गाल सुजलाय, ताप आहे, मूल मलूल आहे, तोंड उघडत नाही, असं असेल तर आपल्या खुर्चीत धाडस न करता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा.

वजनकाटा

नव्या दवाखान्यात एलईडी दिवा, एसी, भिंतीवर कार्टूनचे स्टिकर असं सगळं असतं, वजनकाटा तेवढा नसतो. तो आधी घ्या. मुलांमध्ये लिग्नोकेनची, म्हणजे आपल्या नेहमीच्या भुलीच्या औषधाची, मर्यादा किलोला ४.४ मिलिग्रॅम धरावी. दोन टक्के द्रावणात प्रत्येक मिलिलिटरला २० मिलिग्रॅम औषध असतं. १५ किलोच्या मुलाचा हिशेब असा: १५ गुणिले ४.४ म्हणजे ६६ मिलिग्रॅम, आणि ६६ भागिले २० म्हणजे ३.३ मिलिलिटर. दोन मिलिलिटरच्या दोन सिरिंज भरून दिल्या की मर्यादा ओलांडलीच. "आज आलोयच तर चारही बाजूंचं उरकून टाका डॉक्टर" असा आग्रह शिरोळ-चंदगडहून आलेले पालक करतात. त्यांची एसटीची ओढाताण खरी आहे, पण हा हिशेब त्याहून खरा आहे. वय विचारून अंदाज बांधू नका. सहा वर्षांचं एक मूल १४ किलोचं निघतं, दुसरं २५ किलोचं.

मलम आणि स्प्रेचं औषधही याच हिशेबात येतं. दहा टक्के स्प्रेचा एक फवारा म्हणजे १० मिलिग्रॅम. आर्टिकेन हे भुलीचं दुसरं औषध चार टक्के असतं, म्हणजे मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम, आणि चार वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत. बेन्झोकेनचं बधिर करणारं जेल दोन वर्षांखाली वापरू नका. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटू शकते. दमा, हृदयाचा आजार, रक्त न थांबण्याचा त्रास, आधीच्या इंजेक्शनला काही झालं होतं का, हे चार प्रश्न केसपेपरवर छापूनच घ्या.

घरून दारापर्यंत (हा भाग पालकांचा)

"गप बस, न्हायतर डॉक्टरांना सुई मारायला सांगीन." हे वाक्य ज्या घरात बोललं जात नाही असं घर दाखवा. कधी आई म्हणते, कधी आजी, कधी रिक्षात शेजारी बसलेला अनोळखी माणूसही. मग तेच मूल खुर्चीत येतं तेव्हा त्याच्या दृष्टीने ती शिक्षा असते, आणि भेदरलेल्या मुलाला साधा स्पर्शही दुखतो. हे थोतांड नाही. भीतीने अंग आखडतं, लक्ष सगळं त्याच जागेवर जातं आणि दुखणं वाढतं.

अपॉइंटमेंट देतानाच फोनवर तीन गोष्टी सांगा. घरी इंजेक्शनचा विषय काढू नका, "डॉक्टर दात मोजणार आणि दाढेतला किडा साफ करणार" एवढं पुरे. मुलाला खायला घालून आणा; उपाशी आणि झोपेला आलेलं मूल कुणाचंच ऐकत नाही, म्हणून वेळही सकाळचीच द्या. आणि आत एकच मोठं माणूस. आई, मावशी, आजी तिघी खुर्चीभोवती उभ्या राहिल्या की "काही होत न्हाई बाळा, काही होत न्हाई" असा गजर सुरू होतो आणि काहीतरी होणार आहे याची मुलाला खात्री पटते.

पालकांशीही नीट बोला. भूल म्हटलं की अनेकांना वाटतं, पोराला बेशुद्ध करणार. फक्त दाढेभोवतीची जागा बधिर होणार आहे आणि मूल पूर्ण जागं असणार आहे, हे स्पष्ट सांगा.

मुलाला काय सांगायचं

"अजिबात दुखणार नाही" असं कधीच म्हणू नका. पहिलं म्हणजे त्या वाक्यातून मुलाला ऐकू येतो तो "दुखणार" एवढाच शब्द. दुसरं म्हणजे थोडंसं जरी दुखलं तरी तुम्ही खोटे पडता, आणि पुढच्या वेळी तेच मूल जिन्यातच बसकण मारतं.

त्याऐवजी जे जाणवणार आहे ते सांगा: "तुझ्या दाढेला झोपवायचं औषध लावतो. आधी मलम, ते जरा कडू लागेल. मग थोडं दाबल्यासारखं होईल, गाल जाड वाटेल, ओठाला मुंग्या येतील." आरसा, हवा, पाणी, चमचा हे सगळं सांगून, दाखवून मगच करा. सिरिंज मात्र दाखवायची गरज नाही. ती असिस्टंटकडून मुलाच्या हनुवटीखालून किंवा डोक्यामागून हातात घ्यायची, नजरेच्या रेषेत आणायची नाही.

आणि मुलाने सरळ विचारलंच, "सुई हाय का?" तर खोटं बोलू नका. "हाय की. पण लई बारीक. आधी मलमानं जागा झोपवतो. नको वाटलं तर डावा हात वर कर, मी थांबतो." मुलाने हात वर केला की खरंच थांबा. पहिल्यांदा तो हात बहुधा तुमची परीक्षा घेण्यासाठीच वर जातो. तुम्ही थांबलात की पुढे मूल बऱ्याच गोष्टी करू देतं.

ट्रेवरची एक गोष्ट जी कुणी सांगत नाही

आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत ३० मिलिलिटरची लिग्नोकेनची बाटली आणि डिस्पोजेबल सिरिंज वापरतात. औषध काढताना तीच सुई बाटलीच्या रबरी बुचातून आत जाते, आणि तिथेच तिचं टोक बोथट व्हायला लागतं. बोटाला ते कळत नाही, हिरडीला कळतं. म्हणून औषध एका सुईने काढा आणि टोचण्यापूर्वी नवी सुई लावा. खर्च काही रुपयांचा. त्याच मुलाला दुसऱ्या जागी टोचायचं असेल तर तिथेही नवी सुई. कार्ट्रिज, म्हणजे औषध आधीच भरलेली छोटी नळी, वापरत असाल तर हा प्रश्न येत नाही, कारण तिथे सुईचं मागचं टोक रबरात जातं आणि पुढचं कोरं राहतं. इन्शुलिन सिरिंजची सुई बदलता येत नाही, त्यामुळे बुचातून ओढलं की ती बोथटच वापरावी लागते. आणि बाटलीत दरवेळी कोरी सुई, कोरी सिरिंज; यात सवलत नाही.

सिरिंजसोबत येणारी दीड इंची, २६ गेजची सुई लहान मुलाच्या वरच्या दाढेला कशाला? गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. बाहेरच्या बाजूने द्यायचं असेल तर ३० गेजची आखूड सुई पुरते. ब्लॉकला २७ गेज बरी, कारण ती कमी वाकते आणि तिच्यातून रक्त मागे येतंय का हेही नीट बघता येतं.

औषध फ्रिजमधून काढून थेट देऊ नका. थंड द्रावण जास्त बोचतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी भरलेली सिरिंज टोपणासकट थोडा वेळ मुठीत धरली तरी फरक पडतो. गरम पाण्यात बाटली बुडवून ठेवण्याचा उद्योग मात्र नको. वारंवारच्या उष्णतेने त्यात मिसळलेलं, रक्तवाहिन्या आकसवणारं अॅड्रेनलिन खराब होतं.

जळजळीचं आणखी एक कारण बाटलीतच आहे. अॅड्रेनलिन टिकावं म्हणून त्यात सल्फाइट असतं आणि द्रावण आम्लधर्मी ठेवलेलं असतं. ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट, दहा भागांना एक भाग, अगदी देण्यापूर्वी मिसळलं तर ही जळजळ कमी होते. जास्त पडलं की गाळ बसतो आणि ते औषध फेकून द्यावं लागतं. हे जमतं, पण पहिल्या वर्षी याच्या मागे लागू नका. आधी हात स्थिर होऊ दे.

मलम

नव्या डॉक्टरांची घाई सगळ्यात जास्त इथे दिसते. ओल्या हिरडीवर बोटभर जेल थापतात आणि दहा सेकंदांत सुई उचलतात. ते जेल लाळेबरोबर जिभेवर जातं, जीभ बधिर होते, मूल थुंकत सुटतं आणि टोचायची जागा तशीच जागी राहते.

गॉजने जागा पुसून कोरडी करा. कापसाच्या काडीवर मुगाच्या डाळीएवढं जेल घ्या. गाल ओढून बरोबर त्याच जागी काडी ठेवा आणि घड्याळात बघून दोन मिनिटं थांबा. मलमाचा असर वरच्या दोन-तीन मिलिमीटरपुरताच असतो, पण पहिल्या टोचणीला तेवढा पुरतो. स्प्रे मी मुलांना वापरत नाही. तो घशापर्यंत जातो, घसा बधिर झाला की गिळता येत नाही असं मुलाला वाटतं आणि ते घाबरतं.

ही दोन मिनिटं गप्प बसून काढायची नाहीत. कोल्हापूरचं पोरगं असेल तर विषय आयता आहे: फुटबॉल आणि इथल्या तालमींचे संघ. तोंडात काडी असल्यामुळे बोलता येत नाही, म्हणून बोटांनी उत्तर द्यायला सांगा: "खंडोबा असशील तर एक बोट, पाटाकडील असशील तर दोन." शाहू स्टेडियमवर गोल कुणी मारला यावरून मूल हातवारे करत तुमच्याशी वाद घालू लागलं की समजा, निम्मं काम झालं. ज्याला फुटबॉलचं वेड नाही त्याला पायाची बोटं एकेक करून हलवायला सांगा. हे वाटतं त्यापेक्षा अवघड असतं आणि सगळं लक्ष पायाकडे जातं.

टोचताना

पहिल्या पंधरवड्यात शक्य असेल तर वरच्या दुधाच्या दाढेच्या मुलांपासून सुरुवात करा. तिथलं हाड पातळ, औषध पटकन मुरतं.

डाव्या हाताने गाल किंवा ओठ बाहेर ओढून ताणून धरा. ताणलेल्या त्वचेत सुई चटकन जाते, सैल त्वचा सुईबरोबर ओढली जाते. उजव्या हाताची करंगळी मुलाच्या हनुवटीवर टेकलेली असू दे, म्हणजे डोकं हललं तरी हात त्याच्याबरोबरच हलतो. सुईचं तिरकं तोंड हाडाकडे. आता डाव्या हाताने तो गाल हलवायला लागा, पीठ चाळताना चाळण हलते तसा, एका लयीत. हलवणं सुरू असतानाच सुई आत, दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. स्पर्शाचे आणि कंपनाचे संदेश दुखण्याच्या संदेशाची वाट अडवतात, हा मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला विचार. पोराचा गुडघा आपटला की आई तो चोळते, तेही त्याचसाठी. बाजारात यासाठी थरथरणारी उपकरणं मिळतात. हात फुकट आहे.

मग एक थेंब. एकच. आणि थांबा, पाच-दहा सेकंद. तो थेंब पुढची जागा बधिर करतो. मग किंचित पुढे, मागे ओढून रक्त येत नाही ना हे बघा, पुन्हा थेंब. औषधाचा वेग मिनिटाला एक मिलिलिटर, त्याहून जास्त नाही. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात मूल डोळे विस्फारून बघत असतं, आई श्वास रोखून उभी असते, बाहेर तीन पेशंट असतात आणि अंगठा आपोआप दाबला जातो. घड्याळ समोरच्या भिंतीवर लावा. मोठ्याने, हळू आकडे मोजा. मुलालाही ते बरं वाटतं, कारण कधी संपणार हे त्याला कळतं. घरी एक सिरिंज पाण्याने भरून एक मिलिलिटर पाणी बरोबर साठ सेकंदांत थेंबाथेंबाने सोडायचा सराव करा. पहिल्यांदा बहुतेकांचं पाणी अर्ध्या वेळेत संपतं.

टोचलेल्या जागी हिरडी एकदम पांढरी पडून फुगायला लागली तर तुम्ही घाई करताय.

असिस्टंटचे हात मुलाच्या हातांवर अलगद असावेत, दाबून धरलेले नाहीत. मूल रडलं तर प्रत्येक वेळी दुखतंय म्हणूनच रडतं असं नाही. कधी भीती, कधी नुसता कडूपणा. भुवया आखडल्या, पाय ताणले, अंग मागे खेचलं तर दुखतंय. पाय सैल आणि तोंडाने भोंगा सुरू असेल तर बोलत राहा, हळूहळू काम पुढे न्या.

टाळूवर सरळ कधीच टोचू नका. तिथली त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली, औषधाला पसरायला जागाच नाही. आधी बाहेरच्या बाजूने बधिर करा. मग दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकातून, बाहेरूनच, थेंब थेंब आत सोडा. टाळूकडची हिरडी पांढरी होताना दिसेल. त्यानंतर गरज वाटली तर तिथे आरशाच्या दांड्याने घट्ट दाबून धरून अगदी थोडं औषध द्या.

खालच्या दाढांबद्दल एवढं लक्षात ठेवा: लहान वयात हाड विरळ असतं, त्यामुळे साध्या फिलिंगसाठी खालच्या पहिल्या दुधाच्या दाढेलाही बाहेरूनच दिलेलं बऱ्याचदा पुरतं. नस उघडायची किंवा दाढ काढायची असेल तर ब्लॉक. तेव्हा मोठ्या माणसाची उंची धरू नका. मुलांमध्ये नसेचं छिद्र चावण्याच्या पातळीला किंवा तिच्याखाली असतं, म्हणून सुई खाली ठेवावी लागते. चुकीच्या उंचीवर दिलेला ब्लॉक लागत नाही, आणि मग पुन्हा टोचावं लागतं.

संगणकाने वेग आवरणारी यंत्रं आहेत, चांगली आहेत. ती करतात ते मुख्यतः हेच: औषध हळू सोडतात. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांत त्यांचा हप्ता घालू नका.

नंतर

पाच मिनिटं थांबा, ब्लॉक असेल तर जास्त. मग "दुखतंय का?" विचारू नका, उत्तर "हो" येतं. दाढेजवळची हिरडी प्रोबने, म्हणजे तपासायच्या बारीक सळईने, हळूच दाबा आणि मुलाचे डोळे बघा. पापणी लवली तर आणखी थांबा.

घरी पाठवताना एक सूचना तोंडी सांगा आणि चिठ्ठीवरही लिहून द्या: दोन-तीन तास गाल-ओठ बधिर राहतील, ब्लॉक असेल तर अधिक वेळ, आणि तोपर्यंत चावून खाणं बंद. पोरगं शहाण्यासारखं वागलं म्हणून दवाखान्यातून थेट मिसळ खायला नेणारे बाप आहेत. बधिर ओठ मुलांना गंमत वाटते, ते तो चावत बसतात, आणि संध्याकाळी ओठ सुजून वर येतो. मुलाला आरशात बघून ओठ न चावायला सांगा, लहान असेल तर दातांमध्ये कापसाचा बोळा ठेवून पाठवा.

तरीही ओठ चावलाच तर दुसऱ्या दिवशी तिथे पांढरा थर दिसतो आणि "डॉक्टर, इंजेक्शन पिकलं" म्हणून फोन येतो. बहुतेक वेळा तो पू नसतो, भरत आलेली जखम असते. कोमट मीठ-पाण्याने चूळ, ओठाला पेट्रोलियम जेली, तिखट काही दिवस बंद; एक-दोन आठवड्यांत ती भरते, अँटिबायोटिक लागत नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर मागवून घ्या. सूज गालभर पसरत असेल किंवा ताप आला असेल तर मात्र फोटोवर भागवू नका, त्याच दिवशी बोलवा.